शक्यतो!

लग्नाला बोलावलेला माणूस ‘शक्यतो येतोच’ म्हणाला, की यजमान मुकाट्याने एक पान कमी धरतात. ‘उसने पैसे शक्यतो एक तारखेला देतो’ म्हणणाऱ्याची एक तारखेला कुणी वाट बघत बसत नाही. या शब्दात किती पाणी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेच्या खासदारांना ठाऊक नसावं. त्यांनी 1972 साली किनारा व्यवस्थापनाचा अख्खा कायदा त्यावर उभा केला.

कायदा तसा गोड. केंद्राला किनारपट्टीत काही बांधायचं असेल, तर त्याने आधी राज्याला कळवायचं आणि आपलं बांधकाम राज्याच्या किनारा-धोरणाशी जुळतं हे दाखवायचं. राज्याने साधारण 60 दिवसांत तपासून हो किंवा नाही सांगायचं. आता किती जुळायला हवं? तर ‘व्यवहारात शक्य असेल तितकं जास्तीत जास्त’. म्हणजे आपलं ‘शक्यतो’च, फक्त कोट-टाय घातलेलं. नाहीच जमलं, तर मध्यस्थीला वाणिज्यमंत्री आहेत. तेही केंद्राचेच. सासू-सुनेचं भांडण मिटवायला सासूच्या सख्ख्या बहिणीला बोलावतात, त्यातला प्रकार.

तर सॅन दिएगोच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या हद्दीवर केंद्राला कुंपण घालायचं होतं. प्रशांत महासागरापासून आत 14 मैल. बरंचसं काम झालं. समुद्राकडचे साडेतीन मैल अडले, कारण वाटेत एक घळ आली. नाव ‘स्मगलर्स गल्च’, अर्थात चोरट्यांची घळ. चोर पकडायला एखादा पोलीस तिथे उभा करता आला असता. केंद्राने घळच बुजवायचं ठरवलं. आजूबाजूच्या टेकड्यांचे माथे उतरवायचे आणि ती सुमारे 20 लाख घनयार्ड माती घळीत लोटायची. आपल्या हिशेबात पाच लाख ब्रासच्या वर. एवढ्या मातीची रॉयल्टी ऐकून आमच्याकडच्या तलाठ्याला आनंदाने घेरी आली असती.

खाली तिहुआना नदीची खाडी. तिला 1982 साली संरक्षित केलं ते केंद्रानेच आणि तेही याच 1972 च्या कायद्याखाली. मोकळा केलेला डोंगर पहिल्या पावसात कुठे जातो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी कॅलिफोर्नियाच्या कोस्टल कमिशनने रीतसर कागद तपासले आणि फेब्रुवारी 2004 मध्ये कळवलं, की ‘शक्य तितकं’ जुळवल्याचं काही दिसत नाही. मराठीत सांगायचं तर, बाबांनो, निदान शक्यतो तरी करा!

केंद्र वरमलं. ‘शक्यतो’ या शब्दाची आपल्याला फार अडचण होते, हे त्याच्या लक्षात आलं. मग 2005 च्या मे महिन्यात एक खर्चाचं विधेयक मंजूर झालं. त्याच्या नावात संरक्षण होतं, दहशतवादाविरुद्धचं युद्ध होतं आणि त्सुनामीग्रस्तांना मदतही होती. त्सुनामीच्या मदतीला नाही म्हणायची कुणाची छाती? त्याच गाठोड्यात एक कलम बांधलेलं होतं: कुंपणाच्या आड येणारा कोणताही कायदा गृहसुरक्षा मंत्र्यांनी आपल्या मर्जीने बाजूला ठेवावा. समुद्राने झोडपलेल्यांना मदत जाताजाता किनाऱ्याचा कायदा वाहून गेला, तो असा.

सप्टेंबरात मंत्री मायकेल चेर्टॉफ यांनी सही केली. किनाऱ्याचा कायदा गेला. सोबतीला दुर्मीळ प्राण्यांचा, स्थलांतरित पक्ष्यांचा, स्वच्छ हवेचा, स्वच्छ पाण्याचा आणि ऐतिहासिक वारशाचाही गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ही खाडी पाणथळ जागांच्या रामसर या जागतिक यादीत दाखल झाली होती. म्हणजे सत्काराची शाल अजून खांद्यावरच होती.

राज्याने कोर्टात जावं म्हटलं, तर तिथेही सोय करून ठेवलेली. दाद फक्त राज्यघटनेच्या मुद्द्यावर मागता येईल आणि तीही 60 दिवसांच्या आत. साठ दिवस तपासा, साठ दिवस रडा. न्यायाचा काटा कसा बरोबर मध्यावर!

पुढे हात बसला. मंत्र्यांनी सीमेवरच्या आणखी शेकडो मैलांसाठी तीसहून अधिक कायदे एका दमात बाजूला ठेवले. घोषणेची तारीख 1 एप्रिल 2008. लोकांना आधी गंमत वाटली असेल, तर दोष कॅलेंडरचा.

घळ बुजली. चोरट्यांची घळ तिथे आता नाही, नाव तेवढं राहिलं. कुंपणाचं टोक मात्र थेट समुद्रात उतरतं आणि तिथे जरा पंचाईत झाली. जुनं लोखंड लाटांनी आणि खाऱ्या पाण्याने खाल्लं. लोखंडाने गंजायचं नाही, असाही एक आदेश मंत्र्यांना काढता आला असता. कलमात तेवढं घालायचं राहून गेलं. 2011 च्या अखेरीस समुद्रातलं कुंपण नव्याने उभारायला घ्यावं लागलं.

कंत्राटदाराला सांगितलं असेलच कुणीतरी, ‘या वेळी शक्यतो टिकाऊ बांधा’.