न विकायची गाडी

मध्य प्रदेशातल्या कटंगीत गाडी विकत घेणं काही अवघड नाही. बालाघाटला शोरूम आहेत, हप्ते बांधून देणारे आहेत, आणि तिथे रंग मनासारखा मिळाला नाही तर गोंदिया-नागपूर कुठे लांब आहे? अवघड असतं ते घेतलेली गाडी न विकणं. पाच-सात वर्षं झाली की घरचे कुरकुरायला लागतात, शेजाऱ्याच्या दारात नवी येते आणि एखादा मेहुणा, "भाव आहे तोवर काढून टाका जी," असा फुकटचा सल्ला देऊन, जेवून जातो. अशा गावात आमच्या ओळखीचे एक काकाजी सत्तरीला टेकलेली अमेरिकन जीप दारात बाळगून आहेत. ती विकायचा विषय कोणी काढला की ते चहा मागवतात. चहा येईपर्यंत समोरचा विषय विसरतो, असा त्यांचा अनुभव आहे.

जुन्या अमेरिकन गाड्या बाळगणाऱ्यांची जमात जगभर पसरलेली आहे. शेवरोले, डॉज, प्लिमथ, ब्यूक, ज्याची त्याची भक्ती वेगळी. पण ‘का बाळगता?’ असं विचारलं तर उत्तरं सगळीकडे तीच. असा पत्रा आता मिळत नाही. ही गुंतवणूक आहे. वडिलांची आठवण आहे. यातलं एकही उत्तर हिशेबाला टिकत नाही. पत्रा जाड आहे खरा, पण तो ओढायला पेट्रोलही तसंच लागतं. गुंतवणूक म्हणावी तर विकल्याशिवाय नफा नाही, आणि विकायची तर नाहीच. वडिलांची आठवण म्हणून घड्याळ ठेवता येतं; त्याला शेड बांधावी लागत नाही.

रूपावर भाळले म्हणावं, तर काही गाड्यांच्या बाबतीत ते पटतं. १९५९ ची कॅडिलॅक घ्या. लांबी जवळजवळ पावणेएकोणीस फूट, आणि मागे दोन उंच पंख. ही गाडी आमच्या बाजारातल्या गल्लीत वळली असती, तर तोंड किराणा दुकानाशी आणि शेपूट सोनाराच्या ओट्यावर राहिलं असतं. पंखांचा उपयोग काय, हे अमेरिकेत तेव्हा कोणी विचारलं नाही. पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद आणि युद्ध जिंकलेलं. अशा दिवसांत गाडीला पंख फुटणारच.

या गाड्या आपल्याकडे नुसत्या बोटीतून उतरत नव्हत्या, मुंबईत जोडल्याही जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि पुढे कुर्ल्यात क्रायसलरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. मग सरकारने सांगितलं, नुसते सुटे भाग जोडू नका. इथे बनवा, नाहीतर आवरा. जनरल मोटर्स आणि फोर्डने १९५४ च्या सुमारास आवरलं. आयातीच्या वाटा आवळल्या गेल्या. त्यानंतर ज्याच्या दारात अमेरिकन गाडी होती त्याने ती सांभाळायची, किंवा फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. तेव्हा सांभाळणं हा नाइलाज होता. क्युबातही तेच झालं. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेतून नव्या गाड्या येणं थांबलं, आणि हवानाच्या रस्त्यांवर त्या काळातल्या शेवरोले अजून टॅक्सी म्हणून धावतात, पोटात कुठल्या कुठल्या देशांचं सामान घेऊन. नाइलाज पुरेसा जुना झाला की त्याला लोक शौक म्हणू लागतात.

आमच्याकडच्या रस्त्यांवर त्या लांबलचक गाड्यांचं पोट टेकलं असतं. इथे टिकली ती जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आलेल्या कित्येक युद्ध संपल्यावर परत गेल्याच नाहीत, लिलावात निघाल्या. तीच जुन्या लोकांची ‘डिस्पोजलची जीप’. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीजचे भाग जोडून जीप तयार करायला घेतली. आणि स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळा कशाचा? १९४८ चा, जीप-खरेदीचाच. सैन्य, कारखाना आणि घोटाळा अशी देशाची महत्त्वाची खाती जीपने आल्या आल्या पालथी घातली. मग ती खाणीच्या साहेबाकडे, जंगलखात्यात, ठेकेदाराकडे आणि दर निवडणुकीला उमेदवाराकडे जाऊ लागली. आमच्या भागातल्या कित्येक लोकांनी पहिलं भाषण जीपच्या भोंग्यातून ऐकलं.

काकाजींची जीप ‘हाय बोनेट’. जीपवाल्यांत ‘लो बोनेट’ आणि ‘हाय बोनेट’ असे दोन पंथ आहेत. १९५३ मध्ये विलीजने जरा जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, ते उंच होतं, म्हणून बोनेटच वर उचललं. त्यामुळे गाडीचं कपाळ मोठं दिसतं. लो बोनेटवाले तेव्हापासून हाय बोनेटवाल्यांकडे जरा वरूनच बघतात. बोनेटच्या दोन्ही अंगांना ‘विलीज’ ही अक्षरं पत्र्यातच उठवलेली आहेत. रंगाचे इतके हात बसलेत की अक्षरांच्या कडा बुजून गेल्यात, आणि काकाजी बोलता बोलता त्यांवरून अंगठा फिरवतात. मुख्य गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या आहेत, एक पुढची चाकं जोडायला, दुसरी चढाला जोर द्यायला. पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या बुडाखाली. काकाजी म्हणतात, म्हणून तर जीपवाला कधी आळसावून बसत नाही.

ती चालू करणं हा एक विधी आहे. सेल्फ दमला की हँडल मारायचं, आणि हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा आवळायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर आवळलेला अंगठा मोडतो. जुन्या मिस्तरींनी पोरांना सर्वांत आधी हे शिकवलं. पान्ह्यांचे नंबर नंतर. मे महिन्यात दुसरा घोळ. इंजिनाच्या धगीने पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात मुकाट उभी राहते. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली बसायचं. काकाजींच्या सीटमागे पाण्याची बाटली आणि धोतराचा तुकडा कायम असतो. नवी गाडी बंद पडली की आपण कंपनीला फोन करतो आणि वाट बघत चिडतो. ही बंद पडली तर कारण काय ते काकाजींना माहीत असतं, त्यामुळे ते आरामात असतात. फडकं वाळेपर्यंत रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबतात, आपापले उपाय सुचवतात, आणि त्यात कोणाच्या तरी मुलीचं लग्नही ठरतं.

शिवाय जीपचं स्टिअरिंग डावीकडे. पूर्वी अशा गाड्यांच्या पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवलेलं असायचं. मागच्याने सांभाळून असावं म्हणून. याचा एक मोठा फायदा म्हणजे पानठेल्यावर न उतरता पान घेता येतं. तोटा असा, की पुढचा ट्रक ओलांडायचा असेल तर समोरचा रस्ता चालवणाऱ्याला दिसतच नाही. तो उजवीकडे बसलेल्या काकीजींना दिसतो. "थांबा जी... बस येऊन राहिली... आता काढा." काकाजी घरात काकीजींचं कितपत ऐकतात ते सांगता येत नाही, पण बालाघाट रस्त्यावर त्यांच्या शब्दाबाहेर एक वीतही जात नाहीत. ही गाडी विकू नये असं काकीजींनाही का वाटतं, याचं कारण बहुधा इथेच असावं.

काकाजींचं स्वतःचं कारण निराळं आहे, आणि ते ऐकल्यापासून मला बाकीची सगळी कारणं फिकी वाटतात. कटंगीच्या आसपास जमिनीत मँगनीज आहे. तिरोडी जवळच, पलीकडे बालाघाटला लागून भरवेली. इंग्रजांच्या कंपनीने इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा शोध सुरू केला. तिचीच पुढे १९६२ मध्ये ‘मॉयल’ झाली. पोलादात मँगनीज लागतंच. ते नसलं तर त्यातल्या गंधकामुळे तापलेलं पोलाद घण बसताच तडकतं. १९४९ च्या सुमारास सोव्हिएत रशियाने अमेरिकेला मँगनीज देताना हात आखडला, तेव्हा अमेरिका भारताच्या दारात आली, आणि आमच्या भागातला काळा दगड बोटी भरभरून तिकडे गेला. तिकडे त्याच वर्षांत विलीजच्या जीप आणि पंखवाल्या गाड्या घडत होत्या.

काकाजींनी दोन आणि दोन जोडले. "आपला दगड गेला तिकडं, गाडी होऊन वापस आला. आता माहेरी आलेल्या पोरीले कोणी इकते का जी?"

त्यांच्याच जीपमध्ये तिरोडीचा दगड आहे याचा पुरावा कोणी देऊ शकणार नाही. पण नाही याचा तरी पुरावा कोण देणार? कोर्टात गेलं तर तारखाच पडतील.

यावर हसून झालं की जरा आजूबाजूला बघावं. कटंगीतून काय जात नाही? मँगनीज वाघिणी भरून जातं. धान जातं, बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आता तो जास्त रुबाबात बाहेरगावी जातो. तेंदूपत्ता पोत्यांत भरून जातो. पोरं शिकायला नागपूरला जातात, तिथून पुण्याला, आणि दिवाळीला परत येतात ती रिटर्न तिकीट काढूनच. आधी इथून छोटी लाइन होती, मग मोठी झाली, आता पुढे तिरोडीलाही रूळ जोडले गेलेत. जायच्या सोयी वाढल्या. गाड्यांची तर जातच जाण्याची. अमरावतीत जन्मलेल्या सिनेनट भगवानदादांकडे वैभवाच्या दिवसांत आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या होत्या असं सांगतात. दिवस फिरले तशा त्याही गेल्या. अशा जगात बाहेरून एक वस्तू आली आणि परत गेली नाही, याचं माणसाला अप्रूप वाटणारच.

आणि ती आली तेव्हा हा प्रदेशही दुसरीकडेच होता. जीपचे पहिले कागद झाले तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर-भंडारा तिकडे, बालाघाट इकडे, आणि राजधानी भोपाळला. घरात बोलायची मराठी तीच राहिली. जीप जागची हलली नाही, राजधानी हलली. पुढे आसपासच्या अनेक जीपची पेट्रोलची इंजिनं उतरवून डिझेलची बसवली गेली, सवाऱ्या भरून त्या घासल्या गेल्या आणि एकेक करून कबाड्याकडे गेल्या. काकाजींनी इंजिनाला हात लावू दिला नाही. तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं.

आता त्यांच्या वेडाला कायद्याचा आधार मिळालाय. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांवरची हवी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला तेवढी नेता येते. ही अट काकाजींना फार पसंत पडली. त्यांची जीप एरवीही दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायलाच बाहेर पडते. फीचा आकडा मात्र तितका पसंत पडला नाही. तेवढ्यात टायर येतात, असं त्यांचं म्हणणं आहे.

गिऱ्हाईकं येत असतात. लग्नाआधीचे फोटो काढणारे येतात, त्यांना नवरा-नवरीच्या मागे काहीतरी जुनं हवं असतं. आजोबा चालतील का, असं काकाजींनी एकदा विचारलं. कान्हाकडच्या रिसॉर्टवाल्यांना ती फाटकाशी शोभेला उभी करायची असते. त्यावर काकाजींचा आवाज चढतो, "चालती गाडी आहे भाऊ, दारवान नाही." नागपूरचे शौकीन येतात, ते जाणकार असतात, वाकून खाली बघतात, पाटे मोजतात, चासीचा नंबर शोधतात आणि आकडा बोलतात. काकाजी तो आकडा शांतपणे ऐकतात, मनात लिहून ठेवतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो थोडा वाढवून सांगतात. अशा रीतीने जीपची किंमत दरवर्षी चढते आहे, एक रुपयाही हातात न येता. धान पिकवणाऱ्याला भाव दुसरा सांगतो, मँगनीजचा भाव कुठे ठरतो ते खाणीवाल्यालाही पुरतं कळत नाही. ही एकच वस्तू अशी, की जिच्यापुढे गिऱ्हाईक उभं आहे आणि मालकाला ‘नाही’ म्हणता येतं. माझ्या समजुतीप्रमाणे जगभरच्या त्या लांब शेपटीच्या गाड्यांच्या मालकांनाही हेच सुख हवं असतं. पत्र्याचं आणि आठवणींचं कारण ते पाहुण्यांना सांगायला ठेवतात.

तेव्हा कोणी कटंगीला येणार असेल तर काकाजींची जीप जरूर बघावी. पण नुसतं बघायला येऊ नये. नुसतं बघणाऱ्यांना फार वेळ मिळत नाही. गिऱ्हाईक म्हणून यावं, किंमत विचारावी, मनापासून घासाघीस करावी, शेवटचा आकडा सांगावा. चहा दोनदा होईल, आग्रह झाला तर चिन्नोरचा भातही मिळेल. जीप तेवढी मिळणार नाही, आणि ती न दिल्याचा आनंद काकाजींच्या चेहऱ्यावर मोठ्या लाइनवरची गाडी येईपर्यंत बघत बसता येईल.