सिलेक्टरकाकांचे गोपनीय अहवाल

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. त्या दिवशी दिल्लीत बोलायला विषय कमी नव्हते. आदल्याच दिवशी अर्थसंकल्प मांडला गेला होता आणि नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त करण्याची घोषणा झाली होती. तीन दिवसांनी विधानसभेचं मतदान होतं. आमच्या पटपडगंजच्या आय. पी. एक्स्टेन्शनमध्ये दर दहा मिनिटांनी एकेका पक्षाची ई-रिक्षा भोंगा वाजवत जात होती. आणि सोसायटीच्या गच्चीवर, उन्हाला पाठ देऊन, डोक्यावर माकडटोपी आणि मांडीवर लाल बांधणीचं रजिस्टर घेऊन बसलेला एक गृहस्थ वेगळ्याच पेचात होता. जुगराज सिंगला ‘उत्कृष्ट’ द्यावं की ‘अति उत्तम’वर भागवावं?

हे आमचे सिलेक्टरकाका. खरं नाव दरवाजावरच्या पाटीवर आहे, पण ते आता पोस्टमनसुद्धा वाचत नाही. १९८२ साली केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून म्हणून चिकटले आणि २०२० साली अवर सचिव होऊन बाहेर पडले. अडतीस वर्षांत त्यांना हाताखालचा एकही माणूस स्वतःच्या पसंतीने निवडता आला नाही. जो वरून आला तो त्यांनी सांभाळला. कोणी अनुकंपा तत्त्वावर आला, कोणी प्रतिनियुक्तीवर, कोणी नुसताच आला. निवृत्तीनंतर फॅन्टसी हॉकी नावाची चीज त्यांना कळली. अकरा माणसं आपण निवडायची, त्यातला एक कॅप्टन करायचा आणि मैदानात त्यांनी केलेल्या कामाचे गुण आपल्या खात्यात जमा व्हायचे. हे ऐकलं आणि माणूस दोन दिवस जेवला नाही. “म्हणजे पदोन्नती समिती माझीच? मंजुरीला वर पाठवायचं नाही?” एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता.

मुळात हा खेळ सरकारी माणसाने शोधलेलाच नाही. १९८० च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच खानावळीत बसणाऱ्या पत्रकार-लेखक मंडळींनी बेसबॉलमध्ये त्याची घडी बसवली. आपल्याकडे तो मोबाइलवरून घरोघरी पोचला आणि मुख्यतः क्रिकेटला चिकटला. पण काकांना क्रिकेट म्हणजे ‘फार गर्दीचं खातं’ वाटतं. त्यांचा जीव हॉकीत. तब्बल सात वर्षांच्या खंडानंतर हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू होणार असं जाहीर झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीतच लिलाव झाला आणि काकांनी त्याच संध्याकाळी लक्ष्मीनगरच्या स्टेशनरीवाल्याकडून दोनशे पानांचं रजिस्टर आणलं.

अ‍ॅप नको, ही त्यांची अट. अ‍ॅपला सही लागत नाही, म्हणून त्यांचा अ‍ॅपवर विश्वास नाही. आमची लीग रजिस्टरची. सभासद सात. काका, काकू, मी, दुसऱ्या मजल्यावरचे सरदारजी, चौथ्या मजल्यावरचे बंगाली दादा आणि नोएडाला सेक्टर ६२ मध्ये आयटीत जाणारी दोन पोरं. पैसे नाहीत. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना मिसळ घालायची, आणि दिल्लीत मटकीला मोड आणण्यापासून फरसाण मिळवण्यापर्यंत मिसळ काय प्रकरण आहे हे माहीत असलेला माणूस पैशापेक्षा तिलाच घाबरतो. नियम एका पानावर. गोलाला दहा गुण, गोलाच्या पासला पाच, कॅप्टनचे गुण दुप्पट. हिरवं कार्ड म्हणजे मेमो, उणे एक. पिवळं म्हणजे निलंबन, उणे तीन. लाल म्हणजे बडतर्फी. त्या खेळाडूची फाइल बंद.

तुम्ही म्हणाल, यात व्यक्तिचित्र काढण्यासारखं काय? असे लोक गल्लोगल्ली आहेत. बरोबर आहे. पण बाकीचे फॅन्टसीवाले मोसम संपला की नवा मोसम शोधतात. काका मोसम संपला की खऱ्या अर्थाने कामाला लागतात. त्यांचा मोसम सामन्यांचा नसतोच, तो नंतरच्या गोपनीय अहवालांचा. सामना चालू असताना ते टीव्हीकडे फारसं बघत नाहीत. त्यांचं लक्ष रजिस्टरवर. पडद्यावर गोल पडला की आम्ही ओरडतो, आणि काका विचारतात, “कोणाच्या नावावर टाकू?”

तर ते अहवाल. सरकारी खात्यात १ ते १० गुण देतात आणि ८ किंवा त्याच्या वर गेला तो ‘उत्कृष्ट’. काकांनी नोकरीत आठ कधी कुणाला दिले नाहीत. “आठ दिले की माणूस बढती मागतो,” हे त्यांचं शास्त्र. तीच कात्री खेळाडूंवर.

पहिला अहवाल हरमनप्रीत सिंगचा. लिलावात सगळ्यांत महाग, ७८ लाख, सूरमा हॉकी क्लबने घेतलेला. काकांनी पहिल्या दिवसापासून त्यालाच कॅप्टन केलं. कारण विचारलं तर म्हणाले, “ज्येष्ठता यादीत पहिला.” मी म्हटलं, काका, फॉर्म वगैरे काही असतो की नाही? “अरे, फॉर्म तीन प्रतींत भरायचा असतो. हे वेगळं.” सूरमा तिसऱ्या क्रमांकावर आले. हरमनप्रीतच्या अहवालात काकांचा शेरा आहे : ‘नेतृत्व चांगले. जबाबदारीची जाणीव आहे. तथापि अपेक्षित गुण वेळेत सादर केले नाहीत. ६.५.’

दुसरा गोन्झालो पेयाट. हा काकांचा लाडका, आणि त्याचं कारण त्याचा ड्रॅगफ्लिक नाही. पेयाटने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला सुवर्ण मिळवून दिलं, स्पर्धेत सर्वाधिक अकरा गोल केले. पुढे तो जर्मनीकडून खेळू लागला आणि २०२३ च्या जानेवारीत भुवनेश्वरला जर्मनीसोबत विश्वचषक घेऊन गेला. एका देशाचा माणूस दुसऱ्या देशात जातो आणि तिथेही विजेता ठरतो, हे काकांना आयुष्यातलं सर्वोच्च स्वप्न वाटतं. “याला म्हणतात आंतर-संवर्ग बदली,” ते सरदारजींना सांगत होते. “मी फरिदाबादहून आर. के. पुरमला यायला अकरा वर्षं अर्ज केले.” हैदराबाद तूफान्सच्या पेयाटला ७.५ मिळाले. काकांच्या हातून निघालेला हा जवळजवळ पद्म पुरस्कार.

दिल्लीच्या संघाबद्दल थोडं सांगायला हवं. दिल्ली एस. जी. पायपर्स. आमच्या शहराचं नाव, पण पुरुषांचे सगळे सामने राउरकेला आणि रांचीत झाले. दिल्लीचा संघ दिल्लीत एकदाही उतरला नाही. यावर आयटीवाली पोरं हसायची, काका नाही. “मुख्यालय दिल्लीत, काम फील्डवर. यात हसण्यासारखं काय आहे?” उपांत्य फेरीपर्यंत ते पोचले नाहीत, तरी काकांनी दर आठवड्याला त्यांचा एक खेळाडू संघात ठेवलाच. रजिस्टरात त्याच्या नावापुढे कंसात लिहिलेलं असे : अनुकंपा.

गोलकीपरच्या बाबतीत मात्र काका हळवे आहेत. १ डिसेंबर १९८२. नोकरीला लागून काही महिने झालेले, नॅशनल स्टेडियमचं तिकीट कसंबसं मिळवलेलं, आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, आणि पाकिस्तानने भारताला ७-१ ने धुतलं. गोलात मीर रंजन नेगी. त्या रात्री करोलबागेतल्या खोलीवर परत येऊन काकांनी वहीत नेगींच्या नावाने आयुष्यातला पहिला प्रतिकूल शेरा लिहिला. खोली गलाईच्या धंद्यातल्या एका विटेकर मित्राची होती. सोनं गाळणाऱ्या त्या माणसाने वही वाचून म्हटलं म्हणे, “अहो, तपासल्याशिवाय कस सांगू नये.” नेगींना लोकांनी काय काय म्हटलं ते सर्वांना माहीत आहे. पुढे तेच नेगी गोलकीपरांचे प्रशिक्षक झाले. २००२ साली मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाबरोबर होते. २००७ साली त्या धाग्यावरचा सिनेमा आला. तो बघून आल्यावर काकांनी जुनी वही शोधली, शेऱ्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘वगळण्यात येत आहे.’ खाली सही आणि तारीख. ही वही मी पाहिली आहे. तेव्हापासून काका संघात पहिला गोलकीपर निवडतात, आणि त्याला पाचाच्या खाली कधी देत नाहीत.

आता जुगराज. श्राची राढ बंगाल टायगर्सचा हा पेनल्टी कॉर्नरचा बहाद्दर मोसमभर काकांच्या संघात होता. अंतिम सामन्याआधी त्याचे नऊ गोल झाले होते. काकांनी हिशेब मांडला : अर्जित रजेचं खातं असतं तसं गोलांचंही असणार. नऊ खर्च झाले, आता शिल्लक ती किती राहणार? १ फेब्रुवारीला दुपारी, अर्थमंत्र्यांचं भाषण झाल्यावर, काकांनी जुगराजला ‘सक्तीच्या विश्रांतीवर’ पाठवलं आणि पेयाटला कॅप्टन केलं. बंगाली दादांनी हात जोडले. “ऐसा मत कीजिए, दादा.” काका म्हणाले, “भावनेने प्रशासन चालत नाही.”

संध्याकाळी राउरकेलात पेयाटने दोन गोल मारले. काकांच्या खात्यात दुप्पट, चाळीस गुण. काकांनी गजकाचा तुकडा तोंडात टाकला. पण त्याच सामन्यात जुगराजनेही एक, दोन, तीन मारले. शेवटी सॅम लेनच्या गोलाने टायगर्स ४-३ ने जिंकले. जुगराजचे मोसमात बारा गोल झाले, स्पर्धेत सर्वाधिक. काकांच्या रजिस्टरात तीन गोलांपुढे शून्य. कारण तो रजेवर होता.

हे तीस गुण कुठे गेले असते? लीगच्या पहिल्या क्रमांकावर गेले असते. काका दुसरे आले, अठरा गुणांनी मागे. पहिल्या आल्या काकू.

काकूंची निवडपद्धत काकांना कधीच मान्य नव्हती. त्या नावं वाचतात आणि जे आवडेल ते घेतात. जानेवारीत पहिल्यांदाच महिलांची लीग झाली, रांचीत, चार संघांची. काकांनी ज्येष्ठता याद्या काढल्या, उदिताला बत्तीस लाख मिळाले म्हणून ती सगळ्यांत वर. २६ जानेवारीच्या अंतिम सामन्याआधी काकू भाजी निवडता निवडता ओडिशा वॉरियर्सची यादी बघत होत्या. एका नावावर थांबल्या. ऋतुजा दादासो पिसाळ.

“हिला कॅप्टन करा माझी.”

“अगं, का? काही आधार?”

“दादासो! अहो, वडिलांच्या नावापुढे ‘सो’ लावतात ते कुठे? आमच्याकडे. आमच्या शाळेच्या हजेरीत आबासो होते, बापूसो होते. साताऱ्याकडचीच असणार ही.”

काकांनी रजिस्टरात टीप लिहिली : ‘प्रादेशिक निकषावर निवड. धोरणात बसत नाही.’ दुपारी कर्तव्य पथावरचं संचलन संपलं, आम्ही जिलेबी खाल्ली आणि रांचीचा सामना लागला. वॉरियर्सनी सूरमाला २-१ ने हरवून पहिलंच विजेतेपद घेतलं. दोन्ही गोल ऋतुजा पिसाळचे. पोर निघालीही साताऱ्याकडचीच. काकूंचे चाळीस गुण झाले. त्या उठल्या आणि कुकर लावायला गेल्या. फक्त जाताना म्हणाल्या, “दादासोंना कळवा कुणीतरी.”

२ फेब्रुवारीच्या त्या रविवारी गच्चीवर मी काकांना म्हटलं, आता ऋतुजाला तरी नऊ द्या. ते बराच वेळ गप्प होते. खालून एक ई-रिक्षा भोंगा वाजवत गेली. मग म्हणाले, “ती माझ्या आस्थापनेवर नव्हती. दुसऱ्या खात्याच्या कर्मचाऱ्याचा अहवाल मला लिहिता येत नाही.” हे नियमाला धरून होतं, म्हणून मी पुढे बोललो नाही. जुगराजला त्यांनी अखेर ७.९ दिले. आठाला एक दशांश कमी. त्यांचं म्हणणं, तो एक दशांश विनापरवानगी केलेल्या कामाबद्दल कापला.

नंतर, २१ ते २३ फेब्रुवारीला तालकटोरा स्टेडियममध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं. काका तिन्ही दिवस गेले, बगलेत रजिस्टर. परत येऊन म्हणाले की भाषणं ठीक होती, वेळेचं नियोजन ५.५.

ऑगस्टमध्ये मात्र काकांचे दिवस पालटले. आयटीवाली पोरं आमच्या लीगमध्ये नावाला होती. त्यांचा खरा जीव पैसे लावायच्या अ‍ॅपवर. किती गेले ते त्यांनी सांगितलं नाही, पण एकाने मोटरसायकल विकली आणि सांगत होता की मेट्रो आरोग्याला बरी. मग संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावायचे खेळ बंद पडले. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरची ड्रीम इलेव्हनची अक्षरंही गेली. त्या जागी गुरुग्रामच्या अपोलो टायर्सचं नाव आलं. दोन्ही पोरं संध्याकाळी काकांकडे येऊन बसली. काकांनी कायदा राजपत्रातून उतरवून घेतला होता. “आपली लीग अबाधित आहे,” त्यांनी जाहीर केलं. “प्रवेश शुल्क नाही. बक्षीस नाही. मिसळ ही कल्याणकारी बाब आहे.” पोरांनी माना डोलावल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सरकारी नोकरी लागल्यासारखं समाधान होतं.

काकूंच्या विजयाची नोंद काकांनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर केली आहे. ‘निवड नियमबाह्य. पद्धत आक्षेपार्ह. निकाल मान्य.’ खाली सही, तारीख आणि गोल शिक्का. शिक्का त्यांनी चांदनी चौकात मुद्दाम करून घेतला.

सरदारजी दिवाळीनंतर मुलाकडे मोहालीला गेले. त्यामुळे नव्या मोसमासाठी एक जागा रिकामी आहे. पूर्व दिल्ली, नोएडा किंवा गाझियाबादेत राहणाऱ्या इच्छुकांनी रविवारी दुपारी बारा ते दोन या वेळात गच्चीवर भेटावं. अर्ज तीन प्रतींत, सोबत दोन फोटो. हॉकी येत नसली तरी चालेल, मिसळ करता आली पाहिजे.