अनुयायांची खानेसुमारी

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा नटाची परीक्षा त्याच्या गळ्यावरून आणि वाणीवरून होत असे. हल्ली ती त्याच्या अनुयायांच्या खानेसुमारीवरून होते, आणि या सुधारणेमुळे निर्मात्यांचा केवढा वेळ वाचला आहे, याची कल्पना जुन्या वळणाच्या रसिकांना येणे कठीण आहे. परवा ओळखीच्या एका तरुणाने, ज्याची उमेदीची दहा वर्षे प्रायोगिक रंगभूमीवर खर्ची पडली आहेत, एका मालिकेच्या कचेरीत आपल्या भूमिकांची यादी रुजू केली, तेव्हा तेथील चिरंजीवांनी ती उलटी ठेवून, तिच्यावर चहाचा कप टेकवीत, ‘इन्स्टावर किती आहेत?’ एवढेच विचारले. ‘सहाशे बारा’ हे उत्तर ऐकून त्यांच्या मुखावर जो करुणरस प्रकटला, तो आपल्याला रंगमंचावर कधीच साधला नव्हता, असे तो तरुण प्रांजळपणे कबूल करतो.

जून २०२० मध्ये सरकारी फर्मानाने टिकटॉक हद्दपार झाले आणि अवघ्या काही दिवसांत इन्स्टाग्रामने आपले रील्स त्या रिकाम्या गादीवर बसविले. तेव्हापासून चित्रपटातले गीतही, ध्रुवपदाच्या एका ओळीत नाचाची एखादी लकब जन्माला घातली की, पुढे न सरकता कृतार्थ होते. बिचारा अंतरा! बालगंधर्वांना ‘वन्स मोअर’ देणारा प्रेक्षक निदान पद संपेपर्यंत थांबत असे. आजचा प्रेक्षक पडदा पडण्यापूर्वीच रंगमंचाकडे पाठ फिरवतो आणि, हात लांब करून, सगळी नटमंडळी आपल्या खांद्यामागे नीट मावतात की नाही, ते पाहतो.