सायकलवर कोकण करावं कसं?
(दिवस पाचवा : देवगड ते मालवण)

अभिनंदन! रेवसहून निघालेल्या सागरी महामार्गानं तुम्ही देवगडपर्यंत पोचलात. म्हणजे यातलं सगळ्यात अवघड काम, घरच्यांना पटवणं, कधीच उरकलेलं आहे. रस्ता पुढं रेडीपर्यंत जातो, तिथून तेरेखोल, म्हणजे गोवाच. आजचा टप्पा जेमतेम पन्नासेक किलोमीटरचा, म्हणून लीडरनं याला 'आरामाचा दिवस' म्हटलं आहे. लीडरचं बोलणं मनावर घेऊ नका. खालच्या सूचना तेवढ्या पाळा.

१. पहाटे पाचला उठा, साडेसातला निघा. मधले अडीच तास कशात जातात हे कुणालाच सांगता आलेलं नाही. वीस माणसं आणि लॉजच्या दोन मोऱ्या हे एक कारण. उरलेल्या वेळात दुसऱ्याच्या चाकाला अंगठा लावून "हवा कमी वाटतेय" म्हणा आणि पुढं सरका. तो पंप काढेल, मग त्याचा शेजारी काढेल. तोवर तुमचा चहा निवांत होतो. सगळे तयार झाले, 'गणपती बाप्पा मोरया' झालं, की चार्जर खोलीत राहिल्याचं जाहीर करा.

२. जर्सीवर 'पर्यावरण वाचवा' असं लिहिलेलं असावं, आणि ते पाठीवर असावं. म्हणजे मागून येणाऱ्या आपल्याच डिझेल टेम्पोला ते नीट वाचता येतं. टेम्पोत वीस बॅगा, केळ्यांचे घड आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचे खोके असतात. चड्डी गादीवाली घ्या. पाचव्या दिवशी गादीचा उपयोग उरलेला नसतो, पण चालण्याला एक वेगळीच ऐट येते. तेवढी ऐट कुणकेश्वराच्या देवळात नको. कमरेला टॉवेल गुंडाळून आत जा. बूट बाहेरच काढायचे आहेत, त्यामुळे मोज्यांचीही थोडी लाज बाळगा.

३. आता चढ. इथला भूगोल सायकलवाल्यांना विचारून केलेला नाही. वर जांभ्याचा सडा, खाली खाडी, खाडीवर पूल आणि पूल संपला की पुन्हा सडा. देवगडहून तारामुंबरीचा पूल ओलांडून मिठमुंबरी, मग कुणकेश्वर, कातवण, मिठबाव, हिंदळे, मुणगे असं हे चालू राहतं. उताराला जे कमावलं ते पुलावर संपतं.

चढावर उतरून चालायला हरकत नाही, मात्र चालताय असं दिसता कामा नये. त्यासाठी उतरण्याची जागा आधी हेरून ठेवा. हापूसच्या बागेचं कुंपण ही उत्तम जागा. सायकल गडग्याला टेकवा, मान वर करा आणि "मोहर कसा आहे बघतोय" म्हणा. देवगडात मोहराची काळजी करणाऱ्या माणसाला कुणी हसत नाही. दुसरा उपाय चेनचा. एक बोट चेनला लावून काळं करून घ्या. काळं बोट दाखवलं की पन्नास मीटर चालण्याचा परवाना मिळतो, आणि बोट पुसलं नाही तर तोच दिवसभर चालतो.

अशा वेळी चिऱ्यांनी भरलेला डंपर शेजारून कण्हत जाईल. त्याच्याकडे बघून मान हलवा, तोही त्याच दुःखात आहे. मागून भोंगा वाजवत पाववाला येईल. त्याच्या सायकलला गिअर नाही, हेल्मेट नाही, मागं भली मोठी टोपली आहे, आणि पायात स्लीपर. तो तुम्हाला ओलांडून जाईल. त्याचा वेग मोजू नका. तो रोजचाच आहे, तुम्ही मोहिमेवर आहात.

४. मोहिमेला उद्देश लागतो, म्हणून वाटेतल्या एखाद्या शाळेत जनजागृती करा. मुलांना उन्हात रांगेत बसवा. लीडरला सायकलचं महत्त्व सांगू द्या: इंधन वाचतं, व्यायाम होतो, मुलांनो, सायकल चालवा! समोरची निम्मी मुलं सकाळी तोच चढ दप्तरासकट चढून आलेली असतात आणि त्यांच्या सायकली लीडरच्या मागच्याच भिंतीला ओळीनं लावलेल्या असतात. लीडरनं तिकडं वळून बघू नये याची काळजी घ्या. भाषण संपलं की शेवटच्या रांगेतला एक जण विचारील, "सायकल कितीची?" इथं नवशिके फसतात. खरी किंमत सांगू नका. मास्तरांच्या पगाराशी तिची तुलना होते. घरी सांगितलेला आकडाच इथंही सांगा, कारण व्हिडिओ ग्रुपवर जाणार आहे आणि त्या ग्रुपमध्ये तुमचे मेहुणे आहेत.

५. चहाच्या टपरीवर प्रश्न येतील. "खयसून इलास?" याला "पुण्यासून" एवढं उत्तर पुरतं. "सायकलीन? कित्याक? एसटी गावली नाय?" या तिसऱ्या प्रश्नाला आजवर कुणालाही समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही. फिटनेस, निसर्ग, स्वतःचा शोध, सगळं सांगून झालं आहे. मावशी शांतपणे ऐकून घेतात आणि बसायला बाकडं पुसून देतात. कोकम सरबत मागवा नि गप्प बसा.

६. आचऱ्यात थांबायचं असेल तर आधी चौकशी करा. लीडरनं वारा, भरती-ओहोटी, पंक्चरवाले, सगळं बघून ठेवलेलं असतं. रामेश्वराचा कौल बघितलेला नसतो. इथं दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की अख्खं गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस-रात्र वेशीबाहेर राहतं. त्या मुहूर्तावर तुम्ही पोचलात तर नाश्त्याचं वेळापत्रक मोडून पडेल, आणि तक्रार करायला समोर कोंबडीसुद्धा नसेल.

७. वारा बाजूनं आला तरी सांगताना समोरून सांगा. देवगडच्या पवनचक्क्या साक्षीला आहेत.

८. किलोमीटर कमी पडत असतील तर ते फुकटात वाढवायची संधी आता गेली. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींत घड्याळ चालू ठेवून ज्यांनी खाडी 'चालवली', त्यांच्या खात्यात ती जमा आहे. आजच्या रस्त्यावर पूल झाले आणि फुकटची प्रगती थांबली.

९. टेम्पोत बसणं कमीपणाचं नाही, कारण सांगता येत नसेल तरच आहे. गुडघा हे जुनं कारण. आता कुणी मानत नाही. "टेम्पोवाल्याला रस्ता माहीत नाही, मी सोबत जातो" हे बरं. त्यात त्यागही दिसतो. मात्र मालवण येण्याआधी, कोळंबच्या पुलाशी उतरा. बाटलीतलं पाणी मानेवर आणि जर्सीच्या छातीवर शिंपडा, पाठीवर नको. मग शेवटचा तुकडा जोरात मारा आणि मालवणात भरडावर धापा टाकत थांबा.

१०. सुरमईच्या थाळीनंतर बंदरावर ग्रुप फोटो. मागं समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला, पुढं तुम्ही, दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली सायकल. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी झाली आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. ग्रुप फोटोला तेवढा वेळ लागत नाही, फक्त लागेल असं वाटत राहतं. कोणाचा तरी डोळा मिटलेला असतो, म्हणून पुन्हा उचला.

११. उद्या वेंगुर्ला. मोबाइलवर बघून तारकर्लीमार्गे देवबागला जाऊ नका. भोगवे समोर दिसतं, पण मधे कर्ली खाडी आहे आणि देवबागला रस्ता संपतो. पुलाचा रस्ता भरडावर कुणालाही विचारा, तो नीट सांगेल. मालवण-वेंगुर्ला एसटी कधी सुटते तेही न विचारता सांगेल. वेळ लिहून घ्या.