चिठ्ठी वाचता आली, म्हणजे संशय घ्या

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये खोटी चिठ्ठी ओळखायची सोपी खूण आहे: ती वाचता येते. खरी चिठ्ठी म्हणजे शाईत पाय बुडवून निघालेली मुंग्यांची दिंडी. मेडिकलवाला चष्मा कपाळावर चढवतो, "काय होतंय हो मामा?" विचारतो आणि उत्तरावरून गोळी ठरवतो. औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असा दंडक मेडिकल कौन्सिलने २०१६ साली घातला. बहुधा तोही कुणाला वाचता आला नसावा.

त्यात नावांचा घोळ. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' यावरून कॅडिला विरुद्ध कॅडिला असा खटला पार सर्वोच्च न्यायालयात गेला, २००१ साली. जिथं वकिलांच्या फौजा लागल्या, तिथं आपला पोऱ्या पाच सेकंदांत ड्रॉवर उघडतो. फार्मासिस्ट कुठाय? भिंतीवर, फ्रेममध्ये. रोज उदबत्ती मिळते त्याला.

आता लातूरचं एक काउंटर. पोरगं चिठ्ठी सरकवतं. अल्प्राझोलाम, स्पेलिंग अचूक. काळ्या शाईतल्या १० मधल्या १ ला निळ्या शाईचं पोट फुटून ३ झालेला.

"आजीसाठी आहे काका."

चिठ्ठीत आजीचं वय २२.

अशा औषधांसाठी शेड्यूल एच-वनचं रजिस्टर २०१४ पासून सक्तीचं: डॉक्टर, पेशंट, औषध, नग सगळं लिहायचं, तीन वर्षं जपायचं. इथलं इतकं जपलंय की पहिलं पानही मळलेलं नाही.

काका चिठ्ठी उजेडात धरतात, उलटी करतात, पुन्हा सुलटी करतात.

"बिल लागतंय का?"