खाटेखालच्या विटा

मिलिमीटर हे माप आमच्या डोंबिवलीच्या घरात एरवी पावसाळ्यापुरतं यायचं. कुलाब्याला किती, सांताक्रूझला किती, हे सासरे पेपरातून मोठ्याने वाचायचे आणि त्यावरून लोकलचा अंदाज बांधायचे. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीनंतर मात्र हे माप आमच्याकडे मुक्कामालाच आलं.

बाळाचं सगळं ठाकठीक होतं. हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, हातपाय, सगळं जागच्या जागी. रिपोर्टच्या तळाशी, जिथपर्यंत सहसा कुणी वाचत जात नाही, तिथे एक ओळ होती : गर्भाशयमुखाची लांबी २२ मिमी. या सुमाराला ती साधारण ३५ ते ४० असते. चोविसाव्या आठवड्याच्या आत २५ किंवा त्याहून कमी भरली तर तिला आखूड म्हणतात, आणि मग बाळ वेळेआधी येण्याची धास्ती वाढते. मला स्वतःला काहीही होत नव्हतं. दुखणं नाही, खुपणं नाही. सकाळीच दोन प्लेट पोहे खाऊन गेले होते.

ही लांबी मोजण्याची रीतही न्यारी. आधी बाहेर बसवून पाणी पाजतात आणि ‘प्रेशर आलं की सांगा’ म्हणतात. मग जीव मुठीत धरून आत जायचं, समोर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी वाचत पडायचं. पोटावरून बाळ बघून झालं की डॉक्टर म्हणतात, आता बाथरूमला जाऊन या. कारण पुढची मोजणी खालून करायची असते आणि मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशयमुख खोटंच लांब दिसतं. मग काही मिनिटं नुसतं बघत थांबायचं, पोटावर जरा दाब, एकदा खोका, आणि तीनदा मोजून त्यातला सगळ्यात कमी आकडा लिहायचा. शाळेत लांब उडीच्या तीन उड्यांतली सगळ्यात लांब धरायचे. इथे सगळा कारभार उलटा.

आमच्या डॉक्टर मॅडमनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चार इंग्रजी अक्षरं काढली : टी, वाय, व्ही, यू. तोंड नीट मिटलेलं असलं की टी. आतल्या बाजूने उघडायला लागलं की नरसाळ्यासारखा आकार येतो, मग तो वाय, पुढे व्ही, शेवटी यू. “तुमचं टीच आहे,” त्या म्हणाल्या, “पण वायकडे जायच्या विचारात दिसतंय.” चाळिशीच्या आतल्या बाईने इतक्या गंभीर गोष्टी इतक्या हलक्या आवाजात कुठे शिकाव्यात कोण जाणे. मला तेव्हा त्या आवाजाचा फार आधार वाटला.

घरी आल्यावर आधी कारणमीमांसा झाली. शेजारच्या काकूंनी स्कूटरवर ठपका ठेवला. माझ्या आईने फोनवरून ऑफिसच्या खुर्चीवर ठेवला, शिवाय एसीवर. सासऱ्यांचा संशय मिसळीवर होता. नवऱ्याने डोंबिवलीच्या खड्ड्यांना जबाबदार धरलं आणि त्या विषयावर तो छान बोलला. डॉक्टरांनी मात्र सगळ्यांचीच निराशा केली. कुणाची पूर्वी त्या जागी शस्त्रक्रिया झालेली असते, कुणाचं आधीचं बाळ पाचव्या-सहाव्या महिन्यात गेलेलं असतं, कुणाच्या शरीरातले तंतूच जरा नाजूक असतात, आणि बरेचदा कारण सापडतच नाही. खड्ड्यांचा संबंध नाही, हे ऐकून नवरा खरोखर हिरमुसला.

मग उपाय. डॉक्टरांचा उपाय एका ओळीत संपत होता : प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, रोज रात्री, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत, आणि थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा मोजणी. रक्त दिसलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, पोट ठरावीक वेळाने कडक व्हायला लागलं किंवा खाली दाब जाणवला, तर फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटलात या. बाकी चाला, फिरा, ऑफिसचं काम करा. जड उचलू नका.

“आणि बेडरेस्ट?” सासूबाईंनी विचारलं.

“गरज नाही.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. या डॉक्टरांची पदवी कुठली असेल, असा प्रश्न त्या नजरेत होता.

आमच्याकडे दुखण्याची प्रत बेडरेस्टवरून ठरते. ‘डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितलीय’ म्हटलं की समोरचा गप्प होतो, आवाज खाली जातो, संध्याकाळी डबा येतो. ‘चालाफिरायला सांगितलंय’ म्हटलं की लोकांना काय करावं ते कळत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सहानुभूतीची सगळी तयारी करून आल्या होत्या आणि मी दार उघडायला स्वतः आले म्हणून बिचाऱ्या दारातच अडखळल्या.

डॉक्टर हे मनाचं सांगत नव्हत्या. आखूड गर्भाशयमुखाच्या पहिलटकरणींचा एक अमेरिकी अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हालचाल कमी करायला सांगितलं होतं त्यांच्यातल्या ३७ टक्के जणी सदतिसाव्या आठवड्याआधी बाळंत झाल्या, बाकीच्यांपैकी १७ टक्के. पडून राहिल्यानेच असं झालं असं यावरून म्हणता येत नाही. पण फायदा झाला असं तर अजिबातच म्हणता येत नाही. उलट आडवं पडून पडून पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती, स्नायू सैल पडायचे ते वेगळंच. कॅप्सूलचं तसं नाही. २००७ सालच्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांची लांबी १५ मिमी किंवा त्याहून कमी होती अशा बायकांना ती दिली. चौतिसाव्या आठवड्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ३४ टक्के होतं, ते या गटात १९ वर आलं. मी हे आकडे पाठ केले होते. रात्री तीन वाजता जाग आली की रामरक्षेऐवजी तेच म्हणत पडायचे. खरं तर दोन्ही म्हणायचे.

त्या कॅप्सूलचीही एक गंमत झाली. मेडिकलवाल्याने सवयीने पाकिटावर ‘रात्री जेवणानंतर १’ लिहून दिलं होतं. सासूबाई नियमाच्या पक्क्या. रोज रात्री पानावरून उठले की त्या पाण्याचा तांब्या आणि कॅप्सूल घेऊन माझ्यापुढे उभ्या. मी ‘खोलीत घेते’ म्हणायचे. असं काही दिवस चालल्यावर त्यांना राहवेना. “अगं, आमच्यासमोर गोळी घ्यायला लाजायचं काय त्यात?” मग मला सांगावं लागलं की ही तोंडाने घ्यायची नाही, जिथलं दुखणं आहे तिथेच ठेवायची. सासरे तेव्हाच नेमके गॅलरीतल्या कुंड्या बघायला उठले. सासूबाई क्षणभर थांबल्या, तांब्यातलं पाणी स्वतःच प्यायल्या आणि म्हणाल्या, “बरं.”

त्यानंतर त्यांनी विटांचं काम हाती घेतलं.

विटांची पद्धत जुनी आहे. खाटेच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा लावायच्या, म्हणजे डोकं खाली, पाय वर, आणि बाळ म्हणे आतच राहतं. अडचण अशी की आमचा पलंग स्टोरेजवाला. त्याला पायच नाहीत. सासूबाईंनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात घालायला फट कुठे मिळते का पाहिलं आणि शेवटी माळ्यावरची लोखंडी खाट खाली काढवली. खालच्या मजल्यावर काम चाललं होतं तिथून सासऱ्यांनी विटा आणल्या. लाद्यांवर ओरखडे नकोत म्हणून सासूबाईंनी एकेका विटेला जुन्या नऊवारीचा तुकडा गुंडाळून वर सुतळीने बांधलं, गाठीची टोकंही आत खोचली. इतक्या नीटनेटक्या विटा मी आजवर पाहिल्या नाहीत.

मी एक रात्र त्या उतारावर झोपले. सहाव्या महिन्यात छातीत जळजळ तशीच होते. डोकं खाली केल्यावर रात्रीचं वरण घशाशी येऊन बसलं. पहाटे मी उठून सोफ्यावर गेले तर सासूबाई तिथे आधीच बसलेल्या. दिवा न लावता. तेव्हा त्यांनी मला त्यांचं सांगितलं. त्यांचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. न दुखता, न कळता. त्या काळात कुणी मोजलं नव्हतं, मोजायचं यंत्रच हाताशी नव्हतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पिशवीला टाका घातला आणि त्या खाटेवर विटा लावून पडून राहिल्या, भिंतीवरचं कॅलेंडर बघत. तेच बाळ आता आत घोरत होतं.

“टाक्याने राहिला की विटांनी, ते देवाला ठाऊक,” त्या म्हणाल्या. “मी दोन्ही सोडलं नाही.”

सासरे यात टिटवाळ्याला बोललेला नवसही धरतात. आणि टाक्याचं श्रेय तर ते गावाकडेच नेतात. सासरे वेंगुर्ल्याकडचे. ‘शिरोडकर टाका’ हे नाव ऐकल्यापासून ते डॉक्टर शिरोडकर आपल्या शिरोड्याचे, मिठाच्या सत्याग्रहाच्या शिरोड्याचे, असं सगळ्यांना सांगत आले. मी शोधून काढलं : डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ साली जन्मले ते गोव्यातल्या शिरोड्याला. शिकले मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि तिथेच पुढे प्राध्यापक झाले. वारंवार चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ जाणाऱ्या बायकांसाठी त्यांनी ही शस्त्रक्रिया काढली आणि १९५५ साली ती छापून आली. आरंभी तर बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून तिने ते गर्भाशयाचं तोंड बांधायचे. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्ड यांनी बटव्याची नाडी ओढावी तसा जरा सोपा टाका काढला. आपल्याकडे मात्र घातलेला टाका मॅकडोनाल्डचा असला तरी बायका बोलताना तो पुष्कळदा शिरोडकरांच्याच नावावर जमा करतात. सासूबाईंचा कुठला होता, कुणास ठाऊक. शिरोडकर १९७१ मध्ये गेले, त्याच साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. जगभरच्या प्रसूतीच्या पुस्तकांत एका कोकणी गावाचं नाव रोज उच्चारलं जातं, हे ऐकून सासऱ्यांनी शिरोड्याचा वाद सोडून दिला. “पाण्यापलीकडचा का असेना, आपलाच,” म्हणाले.

मला टाका घातला नाही. आधीचं काही गेलेलं नव्हतं आणि लांबी फारच कमी झाली तर बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यामुळे दर मोजणीला सगळं घर दिवाणखान्यात बसून राहायचं. एकदा १९ आले आणि त्या दिवशी कुणी जेवलं नाही. पुढच्या वेळी २१ आले, तेव्हा नवऱ्याने पेढे आणले. दोन मिलिमीटर वाढले म्हणून पेढे वाटणारं आमचं बहुधा पहिलंच घर असेल. मोजणीत तेवढा फरक हात बदलला तरी पडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते पेढ्यांच्या आड येण्याइतकं महत्त्वाचं कुणाला वाटलं नाही.

त्या पहाटेनंतर विटांबद्दल मी काही बोलले नाही. एवढंच केलं की त्या उशाकडच्या पायांखाली लावल्या. डोकं वर झालं, जळजळ थांबली. सासूबाईंनी पाहिलं. विटा लागल्या होत्या, एवढ्यावर त्या समाधानी दिसल्या. काळजी करणाऱ्या माणसाला हाताला काहीतरी काम लागतं, आणि एका कॅप्सूलमध्ये पाच माणसांपुरतं काम नसतं. आई कोल्हापूरहून ओटी भरायला आली ती डिंकाचे लाडू न घेता आली, कारण ते उष्ण. पण रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून तिने दुपट्यांची चळत शिवून आणली होती.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. झोपाळा नको, असं ठरलं. फुलांनी मढवलेल्या आरामखुर्चीत मला बसवलं आणि बायका खुर्चीच हलकेच मागेपुढे करू लागल्या. तेव्हा एक आजी सहज बोलून गेल्या, “आता भीती नाही हो. सातव्याचं जगतं. आठव्याचं मात्र नाही.” सगळ्या गप्प झाल्या. हा समज किती घरांत किती पिढ्या मुरलाय! खरं तर आत गेलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सरसच. हे मी आजींना सांगणार, एवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, “मावशी, जुनं झालं ते. आता डॉक्टर आठवडे मोजतात, महिने नाही.” आणि त्यांनी खुर्ची थोडी जोरात हलवली.

छत्तिसाव्या आठवड्यात कॅप्सूल बंद झाली. बॅग भरून दाराशी ठेवली. नवऱ्याने रिक्षावाल्याचा नंबर तीन ठिकाणी लिहिला. आता कधीही, असं सगळे म्हणाले.

काहीही झालं नाही.

सदतिसावा गेला, अडतिसावा गेला. डॉक्टर हसून म्हणाल्या, असं पुष्कळदा होतं. आखूड असून पूर्ण दिवस भरणाऱ्या बायकाच जास्त. सासूबाईंनी मग विटा काढून फ्रिजखाली लावल्या आणि माझ्याकडे वळल्या. जिने चढ-उतर कर. बसून लादी पूस. पाटावर उकिडवी बस. जिला पाण्याचा हंडा बघायलाही मनाई होती तिला पहाटे उठवून गच्चीपर्यंत नेलं जाऊ लागलं. काकूंनी पपईची फोड आणून दिली. स्कूटरवरून एक चक्कर मारून आण हिला, असं सासरे नवऱ्याला म्हणाले. मोठ्या खड्ड्याच्या रस्त्याने.

दिलेली तारीखही उलटली, त्या रात्री सासूबाई माझ्या पोटाकडे बघत बसल्या होत्या.

“बापावर गेलंय,” त्या म्हणाल्या. “याचाही टाका काढला नि पुढे तीन आठवडे हलला नाही. आतासुद्धा चार हाका मारल्याशिवाय उठतो का बघ.”