श्रीमती भरतीरेषा यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती भरतीरेषा,
मुक्काम : किनारा व्यवस्थापनाचा नकाशा, प्रमाण १:२५,०००

विषय : मुरुगवाडा ते मिऱ्या या किनाऱ्यावरील महोदयांच्या प्रत्यक्ष वास्तव्याबाबत.

महोदया,

रत्नागिरी शहराच्या मुरुगवाड्यापासून पंधरामाडावरून मिऱ्याच्या डोंगराकडे जाणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवर, जेथे चिऱ्याची घरे, माडांच्या बागा आणि रस्ता समुद्राच्या दारात एकमेकांना खेटून उभे आहेत, तेथील रहिवाशांच्या वतीने प्रस्तुत पत्र महोदयांच्या सेवेस सादर करण्यात येत आहे. कायद्याने महोदयांचा परिचय असा करून दिला आहे की उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे येणाऱ्या मोठ्या भरतीला, पाणी जमिनीवर ज्या कमाल मर्यादेपर्यंत चढते ती मर्यादा म्हणजेच त्या होत. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र शासनाने किनारा नियमन क्षेत्राची, अर्थात सीआरझेडची, पहिली अधिसूचना काढली आणि या रेषेपासून जमिनीच्या बाजूचा ५०० मीटरपर्यंतचा टापू महोदयांच्या अमलाखाली आला. तत्पूर्वी त्यांची ओळख एवढीच होती की पाणी उतरल्यावर वाळूवर शेवाळ, करवंट्या, जाळ्यांचे तुकडे आणि एखादी, नेहमी एकाच पायाची, चप्पल यांची जी ओळ मागे राहते ती त्यांची सही समजली जाई. ही सही दर पंधरवड्याला बदलत असे आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नसे.

नकाशावर राहावयास गेल्यानंतर मात्र महोदयांच्या अंगी स्थूलता आली, असे खेदाने नमूद करावे लागते. १:२५,००० या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर होतात. त्यामुळे नकाशाकाराने कितीही बारीक टोकाची लेखणी वापरून अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली, तरी किनाऱ्यावर तिची जाडी साडेबारा मीटर भरते, आणि साडेबारा मीटरांत या वस्तीतले एखादे बेताचे घर पुढची पडवी, मागीलदार, विहीर आणि तुळशीवृंदावन यांसह सुखाने मावते. असे घर भरतीरेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘ते भरतीरेषेत आहे’ असेच द्यावे लागेल. परंतु अशा उत्तरासाठी अर्जात रकाना नसतो. स्थानिक पातळीवरील १:४,००० प्रमाणाच्या नकाशात हीच जाडी दोन मीटरांवर येते, त्यामुळे घराची सुटका होते आणि पडवी तेवढी अडकून राहते. कोकणी घरातली माणसे दिवसाचा बराचसा वेळ पडवीतच असतात, ही गोष्ट बहुधा मोजमापात धरण्याजोगी नसावी.

कागदावर महोदया जितक्या स्थिर आहेत, तितक्याच जमिनीवर त्या चंचल आहेत. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी उठणाऱ्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यातल्या शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. ही देवघेव जेथे सुरळीत चालते तेथे किनारा जागेवर राहतो, आणि किनाऱ्याच्या कडेकडेने चालणाऱ्या वाळूच्या वाटेत जेथे एखादे बांधकाम आडवे येते किंवा वाळूच उपसली जाते, तेथे परतफेड थकते. मिऱ्याला ती वर्षानुवर्षे थकलेली आहे. त्यावर उपाय म्हणून धूपप्रतिबंधक बंधारा, म्हणजे समुद्राने जमीन खाऊ नये यासाठी रचलेली दगडांची भिंत, उभी राहिली. उभ्या दगडी भिंतीवर आपटलेली लाट आपले बळ घेऊन मागे फिरते, जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू खरवडते आणि जेथे भिंत संपते तेथे शेजाऱ्याच्या जमिनीला हात घालते. म्हणून अशा भिंतीला टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, जोड देतात. फ्रान्समध्ये १९५० साली घडवलेले आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर प्रेमिकांच्या ओळखीचे झालेले हे ठोकळे आपल्या फटींमध्ये लाटेची शक्ती जिरवतात. त्यांच्या उंचीबरोबर घरातून दिसणारा समुद्र कमी होतो, ऐकू येणारा तेवढाच राहतो. नंतरच्या अधिसूचनेत अशीही तरतूद आहे की १९९१ पूर्वी बांधलेला बांध किंवा उघाडी, म्हणजे खाजणातील पाणी आतबाहेर सोडण्याचे दार, जेथे असेल तेथे भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबलेली मानावी. समुद्राला मात्र बांधकामाची तारीख विचारण्याची सवय नाही.

या वस्तीत राहणे म्हणजे काय, हे नकाशावरून कळणे कठीण असल्याने थोडे विवेचन आवश्यक आहे. खारे वारे येथे घरातल्या माणसाइतक्याच हक्काने वावरतात. खिडकीचे गज, बिजागऱ्या, पंख्याची पाती, दुचाकीचा सायलेन्सर आणि फ्रिजची मागची जाळी यांना तांबेरा चढतो, धुतलेले कपडे वाळतात पण दमट वाटायचे राहत नाहीत, आणि उपसा वाढला की विहिरीच्या गोड पाण्याखाली दबून असलेले खारे पाणी वर सरकून उन्हाळ्याच्या अखेरीस चहासुद्धा मचूळ लागतो. पावसाळा तोंडावर आला की पश्चिमेच्या बाजूस झडी बांधाव्या लागतात. झडी म्हणजे माडाच्या झावळ्या विणून केलेले पडदे, ज्यांची जागा आता पुष्कळ ठिकाणी निळ्या प्लास्टिकने घेतली आहे. त्यांच्यामागे चार महिने घर अर्धवट अंधारात राहते. याच गोष्टीला शहरातील जाहिरातींत ‘सी-व्ह्यू’ म्हणतात आणि तिचा प्रति चौरस फूट दर आकारतात.

अशा घरात लग्न झालेल्या मुलासाठी एक खोली वाढवावयाची झाल्यास महोदयांच्या स्वभावाचे दुसरे अंग प्रकट होते. ग्रामीण किनाऱ्याजवळच्या ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, परंतु जोत्याचे क्षेत्रफळ वाढवता येत नाही. जोते म्हणजे घर ज्या चौथऱ्यावर उभे असते तो. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने याच पट्ट्यातील घरांना, जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता, पर्यटकांसाठी घरगुती निवासाची मुभा दिली, आणि भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर सोडून हंगामी पर्यटन-सुविधा व झोपड्या उभारण्याचाही मार्ग मोकळा केला. तात्पर्य, ज्या घरात सुनेला स्वतंत्र खोली मिळणे नियमात बसत नाही, त्या घरातील आहे ती खोली पुण्याच्या पाहुण्याला शनिवार-रविवारसाठी देणे नियमात उत्तम बसते. एखाद्या चतुर कुटुंबाने सुनेची नोंद पर्यटक म्हणून केल्यास महोदयांचा काय अभिप्राय राहील, याविषयी वस्तीत कुतूहल आहे.

होड्यांचा प्रश्न याहून साधा आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहे. १ जून ते ३१ जुलै हा राज्यात यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ असून त्या वेळी होड्या वर ओढून शाकारून, म्हणजे पावसापासून झाकून, ठेवाव्या लागतात. त्यासाठी पुळण हवी. जाळी पसरून शिवायला पुळण हवी, सुकट वाळवायलाही पुळणच हवी. हीच पुळण समुद्राने नेल्यावर होडी रस्त्याच्या कडेला येते, जाळे कोणाच्या तरी अंगणात येते आणि सुकटीचा वास त्या अंगणाच्या मालकाच्या कपाळावर आठी होऊन उमटतो. मच्छीमारांच्या सामाईक वापराच्या अशा जागा नकाशात दाखवाव्यात असे २०११ च्या अधिसूचनेने सांगितले होते. पण वाहून गेलेली जागा दाखवावी कशी, हे सांगायचे तिच्याकडून राहून गेले.

महोदयांचा अंमल सर्वांवर सारखा चालतो, असेही म्हणता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागले. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधला पट्टा सीआरझेडच्या सर्वांत कडक वर्गात मोडतो आणि तेथे साधा खांब रोवायचा तरी परवानगी शोधत फिरावे लागते; या जहाजाने मात्र कोणताही अर्ज न करता त्या पट्ट्यात अनेक पावसाळे मुक्काम केला, आणि मुलाबाळांसह येऊन त्याच्यासमोर सेल्फी काढणाऱ्या पर्यटकांमुळे ते गावातील एक प्रेक्षणीय स्थळ होऊन बसले. एवढ्या अवधीत त्याने जोते वाढवले नाही, हे त्याच्या बाजूने सांगता येईल.

आता वस्तीच्या स्वतःच्या मोजणीविषयी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि बंदरागणिक पडणारा थोडा फरक ज्याने त्याने अनुभवाने धरावयाचा. चंद्रामुळे भरती रोज पाऊण तासाहून किंचित अधिक उशिरा येते, हेच या आडाख्याचे मर्म असून अष्टमीच्या सुमारास येणारी दुबळी भरती, जिला भांग म्हणतात, आणि उधाण यांतला भेद पोरांनाही ठाऊक असतो. मात्र घर विकताना, कर्ज काढताना किंवा नुकसानीचा पंचनामा लिहिताना हे ज्ञान पुरावा ठरत नाही; तेथे कधी काळी कोठे तरी आखलेल्या महोदयाच प्रमाण मानल्या जातात, मग त्या वेळी जेथे त्या उभ्या होत्या तेथे आज टेट्रापॉड का असेनात.

सबब विनंती एवढीच की महोदयांची पुढील मोजणी मार्गशीर्षातल्या कोरड्या दुपारी उरकली जाऊ नये. मोजणीदारांनी आषाढ अमावास्येला यावे. पाऊणपटीच्या हिशेबाने भरती सव्वाअकराच्या सुमारास असेल, फीत धरावयास दोन माणसे वस्तीतून मिळतील, आणि पादत्राणे हातात घेऊन उभे राहण्याची तयारी ठेवल्यास महोदया स्वतः दारापर्यंत येऊन भेटतील. परत जाताना मात्र त्यांनी नकाशातच जावे असा आग्रह नाही. जेथे होत्या तेथे, बंधाऱ्याच्या पलीकडे, गेल्या तरी चालेल.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये, ही विनंती.

मुरुगवाडा ते मिऱ्या येथील समस्त रहिवासी